दगड राखले, सूर सोडला

मी पांढुर्णा-सौंसरकडचा, असे सांगितले की समोरचा माणूस, मग तो भोपाळचा असो की पुण्याचा, हमखास विचारतो, "म्हणजे ते गोटमारवाले ना?" हो, तेच आम्ही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवायचे, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दगडांचा मारा. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात. दरवर्षी वर्तमानपत्रात तेच छायाचित्र येते.

या खेळामागची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी. दोघे पळून जाताना नदीच्या मध्यावर सापडले आणि दोन्ही काठांच्या दगडांनी त्यांचा जीव घेतला. खरेखोटे देव जाणे. पण आख्यायिका घडीभर खरी मानली, तर त्या मुलीला आई असेलच. तीही त्या रात्री काहीतरी म्हणाली असेल, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. दगड आपण पिढ्यानपिढ्या राखले. तिचा सूर कुणी राखला?

वाचकहो, माझे भांडण गोटमारीशी नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझे भांडण तुमच्या-माझ्या घरातल्या एका बहिरेपणाशी आहे, आणि तो बहिरेपणा माझ्यात किती होता हे मला एका परदेशी बाईमुळे कळले. सांगतानाही लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय मुद्दा पुढे जात नाही.

मागे एका दिवाळीत पुण्याहून मुलगा आला होता. फराळाच्या वेळी त्याने माझ्या कानात ती बोंडे घातली आणि म्हणाला, "बाबा, हे ऐका." एक बाई गात होती. गात होती म्हणण्यापेक्षा स्वतःशीच काही पुटपुटत होती, इतका आवाज मऊ. मागे एखाददुसरी तार. शब्द इंग्रजी, अर्धे कळले नाहीत. पण धुक्यातून कुणी आपले नाव घेऊन हाक मारावी तसे झाले, आणि अंगावर काटा आला. नाव विचारले तर वॅश्टी बन्यन. आडनाव ऐकून घरातली पोरे हसली, मीही हसलो. मग मुलाने तिची हकीगत सांगितली. १९७० साली इंग्लंडमध्ये या बाईची तबकडी निघाली. कुणी विचारले नाही. बाईने गाणे सोडले, संसार केला, मुले वाढवली. तीस वर्षांनी, २००० साली, तीच तबकडी पुन्हा काढली गेली आणि जगभरच्या तरुण मंडळींनी ती डोक्यावर घेतली. २००५ साली तिची दुसरी तबकडी आली. पहिलीनंतर पस्तीस वर्षांनी!

मी म्हणालो, "असे हळवे, झोपेतून आल्यासारखे गाणे आपल्याकडे का नाही रे?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि घास हातातच राहिला. कारण तो आवाज मी ऐकलेला होता. सौंसर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी, पहाटेच्या अंधारात, गोधडीत गुरफटून, अर्धवट झोपेत. मोठी आई जात्यावर बसलेली असायची.

*

जात्यावरची ओवी कशी असते हे या अंकाच्या वाचकांना मी काय सांगावे? पण पंचवीस वर्षांखालच्या वाचकासाठी सांगितलेच पाहिजे, कारण त्याने जाते पाहिले असेल ते बहुधा अंगणात, तुळशीजवळ, शोभेसाठी ठेवलेले. दोन बायका समोरासमोर बसत. खुंट्यावर दोघींचा हात. एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती पुरी करायची. चाल तीनचार सुरांची, त्याहून अधिक नाही. दगडाची घरघर हाच तंबोरा. घास घालायला हात थांबला की सूरही थांबायचा, आणि दगड फिरू लागला की पुन्हा जिथल्या तिथून निघायचा. ओळीचा शेवट वर चढत नसे, खाली विरघळत जाई. म्हणून ते गाणे संपले असे कधी वाटतच नसे.

आता मुद्द्याची गोष्ट. तो आवाज इतका मऊ का होता? आपले रसिक म्हणतील, स्त्रीकंठाचे माधुर्य. काही माधुर्यबिधुर्य नाही. त्याचे कारण साधे आहे. घर झोपलेले होते. ओसरीवर सासरा, आतल्या खोलीत सासू, पायाशी तान्हे पोर. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. पण न म्हणून राहवतही नव्हते. या दोहोंच्या मधोमध जो आवाज निघतो, तो तो आवाज. समोर बसलेल्या जावेला तेवढा ऐकू यावा, भिंतीपलीकडे जाऊ नये. विलायतेत हळू गाणाऱ्या बाईचा आवाज मायक्रोफोनने जगापर्यंत नेला. आमच्या बाईसाठी मायक्रोफोन म्हणजे हातभर अंतरावरची जाऊ.

आणि हे गाणे काही कालचे नव्हे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात याची नोंद केली. ज्ञानेश्वरांच्या आधीची ही गोष्ट. म्हणजे ज्या छंदात ज्ञानेश्वरी लिहिली गेली, त्याचे नाव आधी उखळाजवळ आणि जात्याजवळ ऐकू येत होते. जनाबाईच्या जात्याला विठ्ठल हात लावतो, ही कथा उगीच रचली गेली नाही.

*

त्या दिवाळीनंतर चारच दिवसांनी मी गावी गेलो. मोठी आई नव्वदीच्या घरात. डोळे गेलेले, कान शाबूत. म्हटले, मोठी आई, जात्यावरचे काही म्हण. ती हसली.

"कायले बाबू आता? जातं गेलं, गानं गेलं. रडन्याचा का कोनी फोटू काढते?"

तरी तिने म्हटले. सात मिनिटे. मुलाने शिकवल्याप्रमाणे मी मोबाइलवर टिपून घेतले. त्यात मागे कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत, कुणी तरी दार लोटल्याचा आवाज आहे, आणि नव्वद वर्षांच्या बाईचा तो आवाज आहे, जो चाळीस वर्षे कुणी मागितला नव्हता. त्यात भावाची वाट पाहणे आहे, माहेरच्या वाटेवरचा नाला आहे, पहिले लेकरू गेल्याचे आहे. ते लेकरू गेले हे आमच्या घरात कुणी कधी बोलले नव्हते. मला साठाव्या वर्षी कळले की मला एक थोरला चुलतभाऊ होता.

आणि त्यात सासूचेही आहे. नाव न घेता, पण ओळखू येईल असे. सासू म्हणजे कोण? माझी आजी. बैठकीत जिचा फोटो हार घालून लावला आहे, ती. चुलतभावाने ते ऐकले आणि म्हणाला, "दादा, हे कोणाले देऊ नको. घरची गोष्ट आहे."

येथे खरा पेच आहे. आपण म्हणतो, लोकगीते काळाच्या ओघात लुप्त झाली. काळाला दोष देणे सोपे असते, तो उत्तर देत नाही. पण ही गाणी नुसती लुप्त झाली नाहीत, ती आपण ऐकली नाहीत. ऐकली असती तर आपल्या आजीबद्दल, वडिलांबद्दल, आपल्या थोर घराण्याबद्दल ऐकावे लागले असते. मीही त्याच घरातला. गोधडीत पडून मी ते ऐकत होतो आणि झोपत होतो. त्या दुःखाच्या सुरावर मला छान झोप लागत असे.

*

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप मी ऐकले आहेत. तिन्हींना उत्तर देतो.

पहिला आक्षेप आमच्याच घरच्या सुनेचा. ती शिकलेली, नोकरी करणारी. ती म्हणाली, "बाबा, त्या बायकांचे हाल झाले म्हणून ती गाणी झाली. मला ते हाल नकोत, म्हणून ती गाणीही नकोत." हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण अर्धा खरा आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा मोठी आईच सर्वांत आधी ज्वारीचे पोते पाठवून मोकळी झाली होती. जात्याचे गोडवे गाणारे सगळे माझ्यासारखे पुरुष, ज्यांनी पायलीभर दाणेही कधी दळले नाहीत. जाते परत आणा, असे मी म्हणतच नाही. ते गेले, बरे झाले. पण हाल संपले म्हणून हालांची साक्ष फाडून टाकायची काय? त्या बाईला रोजनिशी नव्हती, कोर्ट नव्हते, पत्र लिहिण्यापुरते अक्षर नव्हते. तिची एकमेव फिर्याद त्या सात मिनिटांत आहे. फिर्याद नोंदवून घेणे म्हणजे अन्यायाची आठवण काढून सुखावणे नव्हे. उलट सुनेने ती ऐकावी, आणि आपण कुठून निघून कुठे आलो ते पाहावे.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. सीमेपलीकडच्या एका विद्वान गृहस्थांना मी ते ऐकवले. ते म्हणाले, "छान आहे, पण यात हिंदी फार मिसळले आहे." मला संताप आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची वाटणी झाली. नागपूर तिकडे गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्णाही. रेघ दिल्लीत ओढली गेली, मोठ्या आईच्या जिभेवर नाही. तिच्या बोलीत नागपुरी मराठी आहे, हिंदी आहे, शेजारच्या पवारांच्या बोलीतले शब्द आहेत, गोंडांच्या बाजारहाटातून आलेलेही असतील. हीच तिची मराठी. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. मराठीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून ज्या ग्रंथाचे नाव सर्वांच्या तोंडी होते, ती गाथासप्तशती आहे तरी काय? हाल सातवाहनाच्या नावाने ओळखला जाणारा सातशे प्राकृत गाथांचा संग्रह. त्यात शेते आहेत, नदीचा काठ आहे, घरधनी परगावी गेलेला आहे आणि बाई वाट पाहते आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या बाईच्या आवाजावर आपण अभिजात ठरतो आणि गेल्या पिढीतल्या खेड्यातल्या बाईला "हिंदी फार" म्हणून परत पाठवतो! वा रे न्याय.

तिसरा आक्षेप उत्साही मंडळींचा. ते म्हणतात, आम्ही जपतोच आहोत, कार्यक्रम करतो, स्पर्धा घेतो. मी एका अशा स्पर्धेला गेलो होतो. मंडळाचे नाव घेत नाही, हेतू चांगला होता. मंचावर की-बोर्ड, ऑक्टोपॅड, दोन बाजूंना माणसाएवढे स्पीकर. एका म्हाताऱ्या बाईंना हात धरून आणले. त्यांनी ओवी उचलली. निवेदक म्हणाला, "आजी, जोरात, माइकमध्ये!" त्यांनी दुसरी ओळ जोरात म्हणून पाहिली. आवाज फाटला. मागून ऑक्टोपॅडवाल्याने ठेका धरला. लोकांनी टाळ्या धरल्या. बाईंनी तिसरी ओळ म्हटलीच नाही, नमस्कार करून उतरल्या. बक्षीस अर्थातच एका नाचाच्या गटाला मिळाले.

नाचाला माझा विरोध नाही. आपल्याकडे मोठ्याने म्हणायची गाणी आहेतच. नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वारीला निघालेले जथ्थे महादेवाची गाणी म्हणतात, ती डोंगरालाही ऐकू जावीत अशीच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात, खिरापत ओळखायला लावतात. ती चौकात शोभतात. पण जे गाणे भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून जन्मले, त्याला लाउडस्पीकरसमोर उभे करणे म्हणजे त्याचा सत्कार नव्हे. ते ऐकायचे तर आपणच जवळ जाऊन बसायला हवे. मांडी घालून, तोंड बंद ठेवून.

*

जवळ जाऊन बसलेली माणसे आपल्या भाषेत झालीच नाहीत असे नाही. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून 'स्त्री-जीवन' सिद्ध केले. सरोजिनी बाबरांनी आयुष्य या कामात घातले. पुण्यात गी पॉइत्वाँ या जन्माने फ्रेंच गृहस्थांनी आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प उभा केला. हजारावर गावे, लाखावर ओव्या, आणि प्रत्येकीपाशी गाणाऱ्या बाईचे नाव. 'पारी' ही संस्था २०१७ पासून त्या लोकांसमोर आणते आहे, कुणालाही ऐकता येतात. पण त्या कामाचा भर महाराष्ट्रातल्या गावांवर. ते साहजिकच आहे. आपल्या दोन तालुक्यांसाठी पुण्याहून कोण येणार, आणि का यावे?

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तर प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, अत्र्यांची प्रस्तावना लाभली, आणि निरक्षर शेतकरीण मराठीची मोठी कवयित्री ठरली. आपण बहिणाबाईंचे कौतुक करतो. सोपानदेवांचेही करावे. घरातल्या बाईचे बोल कागदावर उतरवून ठेवावेत एवढे ज्या घराला सुचले, त्या घराचे. मूळ अडचण प्रतिभेची नाही. प्रतिभा जाम नदीच्या काठीही होती. सोपानदेव नव्हते.

हंगेरीच्या बेला बार्टोकची गोष्ट मला यासंदर्भात आठवते. १९०४ च्या उन्हाळ्यात एका मुक्कामी त्याने ट्रान्सिल्व्हानियाच्या खेड्यातली एक तरुण दाई मुलांना सांभाळताना गात होती ते ऐकले. शिकलेला, नाव कमावू लागलेला संगीतकार तो. पण तिच्या गाण्याने तो थबकला, आणि पुढे मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनी टिपणारे जड यंत्र घेऊन वर्षानुवर्षे खेडी पालथी घातली. आपल्या खिशात त्याहून शतपटीने चांगले यंत्र आहे. त्यावर आपण सकाळी फुलांची चित्रे आणि सुविचार पाठवतो.

*

आपण सीमाभागातली मराठी माणसे निवेदने देण्यात तरबेज आहोत. शाळेत मराठी विषय हवा, मराठी शिक्षक हवा, पाटीवर मराठी हवी. या सर्व मागण्यांवर माझी सही आहे आणि पुढेही करीन. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, तेव्हा आता आपल्या भाषेला आपल्या घरात मान मिळेल अशी आशा मलाही वाटली. पण जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊन घरी आल्यावर, आजी काही गुणगुणू लागली तर "आजी, चुप ना, टीव्ही सुरू आहे," असे नातू हिंदी-मराठीच्या मिश्रणात ओरडतो, आणि आपण हसतो. सरकारने भाषेला काय दिले नाही याची यादी आपल्याला पाठ आहे. आपण काय घेतले नाही, याची यादी कुणी करायची?

म्हणून या दिवाळीत एवढेच करा. घरात, शेजारी, माहेरी, जिथे सत्तरीपुढची बाई असेल तिथे जाऊन बसा. आधी तिला विचारा, टिपून घेऊ का? ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर पंखा आणि टीव्ही बंद करा, आणि तिला जोरात म्हणायला सांगू नका. ती थांबली तर घाई करू नका, ते थांबणे गाण्यातलेच आहे. नंतर तिचे पूर्ण नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव, तारीख, आणि ते गाणे कुणाकडून शिकली ते लिहून ठेवा. शब्द शुद्ध करू नका. "मले" चे "मला" केलेत तर तुम्ही तिची सही खोडून आपली ठोकलीत. एक प्रत तिच्या मुलीकडे द्या, एक दुसऱ्या गावी ठेवा. आणि या अंकाच्या संपादकांना माझी जाहीर विनंती आहे. पुढच्या वर्षी आम्हा लेखकांची आठ पाने कमी करा आणि ती या बायकांच्या नावानिशी त्यांना द्या.

घरची गोष्ट बाहेर जाईल, ही भीती मी समजू शकतो. माझ्या चुलतभावाशी याच गोष्टीवरून माझे अजून धड बोलणे नाही. मोठ्या आईलाच मी विचारले होते, हे लोकांना ऐकवू का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तवा मोठ्यानं म्हनलं असतं त सासूबाईनं आयकलं असतं. आता कोन आहे? आयकव."

राहिलेले पुढच्या खेपेला म्हणते, असेही म्हणाली. अजून खूप आहे, म्हणाली, एका दिवसात होणार नाही. मी संक्रांतीला येतो म्हणालो. संक्रांतीला संत्र्याच्या मृगबहाराचा तोडा लागला, व्यापारी आला, जाणे राहिले. फाल्गुनात ती गेली.

वॅश्टी बन्यनला तीस वर्षांनी का होईना लोकांनी शोधून काढले, कारण तबकडी कुठेतरी पडून होती. माझ्याकडे सात मिनिटे आहेत, दोन शिट्ट्यांसकट. बाकीचे कुठेही पडून नाही.